इथं दात लावायचा नाही

जालन्यात एक नाइटक्लब होता आणि तो माझा होता. आमच्या गल्लीत हे बोललो तर लोक हसतील, म्हणून लिहून ठेवतो. क्लब दर रविवारी जेवणं आटोपली की सुरू व्हायचा आणि चहाच्या वेळेला मिटायचा. आत रात्र असायची, कारण मी शटर खाली ओढून फटींवर काळ्या कनाती सोडायचो. बाहेर टळटळीत दुपार असायची.

धंदा माझा मांडवाचा. कुंभार पिंपळगावाहून इकडे आलो तेव्हा वरातीत डोक्यावर बत्ती धरायचं काम मिळालं. बत्ती धरणारा सगळ्यात उजेडात असतो आणि त्याचंच तोंड कुणी बघत नाही. जेवायला तो शेवटी बसतो, तेही मांडवामागे, खरकट्या भांड्यांशेजारी. आमच्या घरात मेंढरं होती, जमीन नव्हती. मागे बसायची सवय होती, पण सवय म्हणजे आवड नव्हे. पुढे एकेक वस्तू घासाघीस करून जमवली. कनाती, खुर्च्या, झुंबरं, धुराचं मशीन, नवरा-नवरीसाठीचे लाल मखमलीचे सोफे. आता गावाबाहेर माझं स्वतःचं गोदाम आहे. लोक मला तापट म्हणतात. म्हणू द्या. गरीब स्वभावाच्या माणसाकडून लोक काय काय काढून घेतात, ते मी बत्तीखाली उभं राहून पाहिलेलं आहे.

एका उन्हाळ्यात तिघं जण गोदाम भाड्यानं मागायला आले. एक पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करणारा, चष्मेवाला, शांत. त्याला सगळे मास्तर म्हणत, म्हणून मीही म्हणतो. दुसरा एका बियाणेवाल्याचा मुलगा, वकिली शिकलेला. तिसरी परतूरची पोरगी, दातांची डॉक्टर, इथल्या एका दवाखान्यात नोकरीला. लग्न कुणाचं आहे, मी विचारलं. लग्न नाही, खेळ आहे, मास्तर म्हणाला.

खेळ असा. प्रत्येकानं एक माणूस व्हायचं आणि खेळ संपेपर्यंत त्याच माणसासारखं बोलायचं-वागायचं. लिहिलेलं नाटक नाही, जे सुचेल ते. गोष्ट कुठं निघाली यावर मास्तर लक्ष ठेवणार आणि नियमाचा शेवटचा शब्द त्याचा. सगळे जण व्हायचे व्हॅम्पायर. म्हणजे रक्त पिणारे, न मरणारे, पण ऊन लागलं की जळून खाक होणारे. त्यांची दोन घराणी होती. वकिलाच्या घराण्याचं नाव सरदार, ते जुने, वाडे-हवेल्यांतले. डॉक्टरीणबाईंच्या घराण्याचं नाव बेवारस, ते रस्त्यात कुणीतरी चावून टाकून दिलेले.

मी विचारलं, "याच्यात जिंकतं कोन?"

"कुणी जिंकत नाही, काका. गोष्ट पुढं जाते."

पोटभर जेवलेल्या लोकांचा उद्योग, असं मला वाटलं. पण त्यांची अडचण मला त्यांच्यापेक्षा लवकर कळली. आजवर ते वकिलाच्या बापाच्या शेतातल्या बंगल्यावर खेळत होते. घर त्याचं, खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे, चहा आणणारा गडी त्याचा. खेळातही प्रत्येक वेळी सरदारच वरचढ होत. बेवारसांनी येणं बंद केलं होतं. आता दोघांचीही नाही अशी जागा हवी होती. गोष्टीतही तशीच. एक नाइटक्लब, जिथं दोन्ही घराणी येतील, बसतील, बोलतील आणि जिवंत परत जातील.

गोदाम दिलं, एका अटीवर. मी आत बसणार. माझ्या सामानापाशी परक्या माणसांना एकटं सोडायची माझी रीत नाही.

पहिल्या रविवारी मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो. लाल दिवे मीच लावले होते, धूरही मीच सोडला होता. वीसेक पोरं-पोरी काळे कपडे घालून आली. सगळ्यांच्या तोंडात सुळे होते, आणि ते बाजारातले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकाच्या दातांचं माप घेऊन स्वतः बनवलेले, बोलताना न पडणारे. कुणाला चावायचं असलं तर दोन बोटं लाल रंगात बुडवून त्याच्या मानेवर ठेवायची, असा खेळातला नियम होता.

थोड्या वेळात दोन पोरांची जुंपली. आधी खेळातली, मग खरी. एकानं दुसऱ्याची कॉलर धरली, सोफ्याचा पाय करकरला. मी उठलो. लग्नात भावकी एकमेकांवर धावते तेव्हा जो आवाज काढतो, तोच निघाला.

"इथं न्हाई. काय करायचं ते भाहेर. मांडवात कुनी कुनाच्या अंगाला हात लावायचा न्हाई."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मला वाटलं आता म्हणतील, काका, तुम्ही मध्ये पडू नका. पण मास्तर पुढे आला आणि म्हणाला की क्लबचा मालक आजपासून हाच. दोन्ही घराण्यांनी मान खाली घातली. नवरीचा सोफा ओढून मला त्याच्यावर बसवलं. आयुष्यभर मी तो सोफा उचलला होता, त्यावर बसलो नव्हतो.

क्लबचा कायदा मास्तरनं मलाच सांगायला लावला, सगळ्यांसमोर. मी सांगितला, "पाव्हना म्हनून जो आत आला, त्याला दुसऱ्या पाव्हन्यानं इथं दात लावायचा न्हाई." वकिलानं तो दोनदा म्हणायला लावला. मला वाटलं पोरगं आदरानं ऐकून राह्यलंय.

क्लब कसा असतो ते मला ठाऊक नव्हतं. मांडव ठाऊक होता, म्हणून तसाच चालवला. एका घराण्याला या अंगाला जागा, दुसऱ्याला त्या अंगाला, जानवशासारखी. एकाला आधी सरबत गेलं की दुसऱ्याकडे रुसवा, म्हणून दोन तबकं एकाच वेळी निघायची. सरबत गुलाबाचं, लाल. ते रक्त म्हणून प्यायचं. तह झाला की दोन्ही प्रमुखांना फेटे, तेही माझ्याच हातानं, एकाच थानातले. पहिला कुणाला यावर भांडण नको म्हणून मी एकाचा पहिला पेच बांधायचो, मग दुसऱ्याचा पहिला, असा आलटून पालटून. मास्तर म्हणाला, असला क्लब कुठल्याच देशात नसेल.

तहही मीच जुळवायचो. गाव त्यांनी शिकारीसाठी वाटून घेतलं होतं. नदीच्या अलीकडचं एकाचं, पलीकडचं दुसऱ्याचं, स्टेशन कुणाचं यावर दोन महिने घोळ. दोन्हीकडं जाऊन कानात बोलायचं, एकाला दुसऱ्याचं थोडं कमी सांगायचं, दुसऱ्याला पहिल्याचं थोडं जास्त. शेवटी स्टेशन क्लबच्या नावावर करून टाकलं. सरदार चिडले, बेवारस चिडले, दोघं सारखेच चिडले म्हणजे व्यवहार बराबर झाला. वकील तेव्हा हसत म्हणाला, काका, तुम्ही कोर्टात पाहिजे होतात. त्याच्या हसण्यात सुळे दिसत. मला ते खेळातले वाटायचे.

खोटं कशाला बोलू, मी रविवारची वाट पाहायचो. लग्नसराईत रविवारची तारीख आली तर गडी पाठवून द्यायचो आणि स्वतः क्लबात. बायको म्हणायची, तुमची ती दातवाली पोरं तुम्हाला खुळं करतील. मी म्हणायचो, मी आजवर कुनाच्या हातात सापडलो न्हाई. डॉक्टरीणबाई परतूरहून रेल्वेनं यायच्या. रविवारी दवाखाना बंद, तरी फक्त खेळासाठी. एकदा माझी दाढ दुखत होती तर हट्टानं दवाखान्यात बोलावून घेतलं, माप घेऊन टोपी बसवून दिली. हात असा हलका की मला झोप लागली होती.

आता फेट्याचं सांगतो.

दोन वर्षं होत आली तेव्हा मास्तर म्हणाला की दोन्ही घराण्यांनी मिळून मालकाचा सत्कार करायचा ठरवलाय. मी नको म्हणालो. मनातून हवा होता. फेटे बांधण्यात माझं आयुष्य गेलं. आमदारांना बांधले, नवरदेवांना बांधले, रुसलेल्या मामांना मागे लागून बांधले. माझ्या डोक्याला कुणी बांधला नव्हता. माझ्या लग्नात फेटा बांधणारा आलाच नव्हता, टोपीवर भागवलं.

मला सोफ्यावर बसवलं. वकील मागे उभा राहिला, फेटा त्याच्या हातात. केशरी, जरीकाठी. फेटा बांधताना माणूस कसा असतो ते ज्यानं बांधलाय त्यालाच ठाऊक. पाठ ताठ, मान पुढे, कापडाचं एक टोक स्वतःच्याच हातात धरलेलं, डोळ्यांवर कापड येतं म्हणून डोळे मिटलेले. तसा बसलेला माणूस कुणाचंच काही करू शकत नाही. वकील हळू आवाजात म्हणाला, मान हलवू नका, काका. हे माझं वाक्य. मी सगळ्यांना हेच म्हणतो.

मानेवर दोन बोटं आली. थंड, ओली.

मी डोळे उघडले. सगळी पोरं मोबाइल धरून उभी. सरदारही, बेवारसही. मला वाटलं पोराला नियमाचा विसर पडला. मी म्हणालो, अरे, इथं न्हाई, कायदाय. तो माझ्या कानाशी वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"कायदा पाहुण्यांचा आहे, काका. तुम्ही कुठं पाहुणे आहात?"

गोदाम टाळ्यांनी भरलं. मी मास्तरकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता. म्हणाला, नियम म्हणजे नियम, शब्द तुमचेच होते. आणि होतेच. लग्नात पानं मोजतो तेव्हा मांडववाला स्वतःला कधी धरत नाही. वरपक्ष धरतो, वधूपक्ष धरतो, वाजंत्री धरतो, भटजी धरतो. मी सगळ्यांना कायद्याच्या आत घेतलं आणि मी आपला सवयीनं भांड्यांशेजारी. हे वकिलाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते पोरगं दोन वर्षं ते दातात धरून बसलं. सौदा असा करायचा असतो, हे मला मान्य आहे. त्याचाच जास्त राग येतो.

चावलेला माणूस खेळात मरतो किंवा चावणाऱ्याचा बांधील होतो. मला बांधील केलं. क्लब सरदारांचा, स्टेशन सरदारांचं. बेवारसांना बदल्यात नदीकाठ मिळाला, म्हणून तेही गप्प. आणि बांधीलानं मालकाच्या परवानगीशिवाय बोलायचं नाही. माझं काम ठरलं दारावर उभं राहायचं आणि दार उघडायचं.

डॉक्टरीणबाई जवळ आल्या. त्यांच्या हातात डबी होती. तीत सुळे होते.

"काका, तुमच्या मापाचे आहेत. दाढेच्या वेळचा साचा होता माझ्याकडे."

मी डबी घेतली. तोंडातून आभार निघाले असते, इतक्यात डोकं चाललं. सुळे एका दुपारी होत नाहीत. मागे पोरं नवे दात मागायची तेव्हा याच बाई म्हणायच्या, पुढच्या रविवारी. म्हणजे मागच्या रविवारी ठरलं होतं. माझ्या हातचं सरबत पिता पिता ठरलं होतं.

घरी जाऊन फेटा सोडला तर काठावर माझ्या धोब्याची खूण दिसली. माझ्याच गोदामातला, माझ्याच पेटीतला. सत्कारसुद्धा त्यांनी माझ्याच कापडानं केला होता.

मधल्या दिवसांत मी मास्तरला दोनदा भेटलो. तापलो नाही, सौदा करायला गेलो. क्लब परत द्या, मी स्टेशन सोडतो. क्लब अर्धा द्या. निदान बोलायची परवानगी द्या. तो प्रत्येक वेळी एकच म्हणाला, काका, गोष्ट पुढं गेली. मग त्यानं मला समजावलं की खरं तर हा मान आहे, एवढा मोठा प्रसंग फक्त तुमच्याभोवती रचला. मी म्हणालो, तुझ्या बापाला हा मान दे.

पुढच्या रविवारी मी गेलो. गोदाम माझं, कुठं जाऊ. दिवे लावले, धूर सोडला, कनाती सोडल्या आणि दारापाशी साखळीजवळ उभा राहिलो. माझं शटर जुन्या धाटणीचं, बाजूच्या साखळीनं ओढायचं. गोदामाचं तोंड पश्चिमेला. एप्रिलचा महिना होता.

मास्तरनं नेहमीप्रमाणे सुरुवातीला नियम म्हटले. शेवटचा नियम नेहमीचाच. ऊन अंगाला लागलं की संपलं, मग कुणाचीही रदबदली नाही. दोन वर्षं तो हे म्हणत होता आणि दोन वर्षं कुणी ऐकत नव्हतं.

वकील माझ्या सोफ्यावर बसला. पाय वर घेऊन, चपलांसकट. थोड्या वेळानं म्हणाला, "दारवान, सरबत." मी तबक आणलं. एकच, आधी त्याला. बेवारसांकडून कुणी कुरकुरलं नाही. मग त्याला लहर आली. तो उठून उभा राहिला, पोट पुढे काढलं आणि माझा आवाज काढला. "हे पाहा पाव्हनं, इथं दात लावायचा न्हाई. मंग काय म्हन्ता? बराबर हाय का न्हाई?" हुबेहूब. एवढं हुबेहूब एका दिवसात जमत नाही, हेही सरावाचं काम. सगळे हसले. ज्यांचे तह मी जुळवले ते हसले. बाई हसल्या की नाही ते मी पाहिलं नाही. खाली मान घालून होत्या.

मला बोलायची परवानगी नव्हती, म्हणून मी बोललो नाही. कनाती ओढून पाडल्या आणि साखळीला हात घातला.

शटर अर्ध्यावर जाईपर्यंत कुणाला कळलं नाही. मग ऊन आत आलं. सतरंजीवर, सोफ्यावर, वकिलाच्या तोंडावर, सगळ्यांच्या रंगवलेल्या पांढऱ्या गालांवर. त्या उजेडात ती पोरं फार लहान दिसली, घामेजलेली. मी साखळी ओढत राहिलो, शटर वर टेकेपर्यंत.

मास्तर ओरडला, हे खेळाबाहेरचं आहे. आता मी बोललो.

"खेळातलंच हाय. दार उघडायचं काम तुम्हीच दिलं मला. मी दार उघडलं. नियम म्हंजी नियम, मागच्या रविवारी कोन म्हन्लं?"

वकील म्हणाला की हा मूर्खपणा धरायचा नाही. पण मास्तर तसला नव्हता. नियमाशी तो इमानदार होता, हे मी दोन वर्षांत जोखलं होतं. नसता तर मी साखळीला हातच लावला नसता. त्यानं चष्मा काढला, सगळ्यांकडे पाहिलं आणि सांगितलं की सरदार संपले. बेवारस संपले. मग माझ्याकडे बोट केलं, काका, तुम्हीपण. मी उन्हातच उभा होतो. मला मंजूर होतं.

एक पोरगी हुंदके देऊन रडायला लागली. एक जण माझ्या अंगावर आला, त्याला दुसऱ्यानं धरलं. वकिलानं जाताना खुर्चीला लाथ घातली, ती वाकली. जाऊ द्या, खुर्च्या सरळ करता येतात.

बाई शेवटी थांबल्या. त्यांनी सुळे काढून रुमालात गुंडाळले. खेळातल्या त्यांच्या बेवारस बाईसाठी त्यांनी आईची शाल कापून कोट शिवला होता, तो अंगावरच होता.

"काका, ते तुम्हाला मारणार होते. पार खेळाबाहेर काढणार होते. मी म्हटलं मारू नका, चावा, म्हणजे काका आपल्यात राहतील. त्यासाठी नदीकाठ घेऊन गप्प बसले. दात त्यासाठी केले. मी तुमच्या बाजूनं होते."

मी विचारलं, आदल्या रविवारी मला सांगितलं का न्हाई. त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर खेळ मोडला असता.

"मंग आता मोडला," मी म्हणालो. "आन् मांडवात बाजू नस्ते, बाई. एक तर सांगायचं, न्हाई तर भोगायचं."

त्यांनी रुमालाला गाठ मारली. स्टेशनला सोडू का, हे माझ्या ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. त्या उन्हातनं चालत रस्त्याला लागल्या. कोट काढायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

पुढे कळलं की ती पोरं आता संभाजीनगरला कुठल्यातरी कॅफेत नवा खेळ खेळतात. त्यात क्लब नाही. सगळ्यांना सांगतात की काकांना खेळ कळलाच नाही. हे मला खुपतं. हरलो म्हणा, रागीट म्हणा, पण कळला नाही म्हणू नका. त्यांच्यात तो कळलेला मी एकटा होतो. बाई त्यांच्यात जात नाहीत म्हणे. नव्यानं सुरुवात करायचा जीव राहिला नाही, असं त्या मास्तरला म्हणाल्या, आणि मास्तरनं ते मुद्दाम माझ्यापर्यंत पोचवलं.

केशरी फेटा मी धुऊन पेटीत ठेवला. लग्नात इतरांसारखा तोही जातो.

मागच्या महिन्यात दाढेची टोपी निघाली. बाईंचा दवाखाना माझ्या रोजच्या वाटेवर आहे. मी गाडी हळू केली, पाटी पाहिली आणि पुढे गेलो. दुसरा डॉक्टर गाठला. त्याचा हात दगडासारखा जड. त्यानं विचारलं, आधीचं काम फार सुबक आहे, कुणी केलं होतं? मी म्हणालो, आठवत न्हाई, तुम्ही तुमचं काम करा. त्यानं पहिला साचा बिघडवला, दुसरा घेतला, तोही बसेना. घरी कपाटात माझ्या जबड्याच्या बरोब्बर मापाचे सुळे डबीत पडलेले आहेत आणि मी इथं आ वासून, एका बाजूनं जेवत, तिसऱ्या मापाची तारीख घेऊन बसलोय.